प्रभूचे चाळीस दिवस

शिरड शहापूरच्या शाळेत खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि मसाजीच्या मांडीवर सहीचा कागद होता. त्यानं सही केली की रामप्रसादशेठचा प्रभू सुटणार होता.

प्रभू सोळा वर्षांचा. रील बनवायच्या नादात त्यानं बापाची जीप मसाजीच्या मेंढरांत घातली. चार मेंढ्या जागेवर मेल्या, मसाजीच्या पायाची नळी मोडली. पोरगं आत टाकण्यापेक्षा सुधारलं पाहिजे, म्हणून बाल न्याय मंडळानं नेमलेल्या संस्थेच्या शितलताईनं दोघांना समोरासमोर बसवलं होतं. "काका, काय केलं म्हणजे तुमचं मन हलकं होईल?"

"मेल्या त्या मेल्या," मसाजी म्हणाला होता. "यानं चाळीस दिवस माझी मेंढरं राखावी. उन्हात हिंडंल तवा कळंल, जित्राब काय असतंय."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं उत्तर तिला प्रशिक्षणातसुद्धा कुणी दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी प्रभू आला, कोकरू छातीशी धरून फोटो काढला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी रणजीत येऊ लागला. शेठच्या मळ्यातला सालगडी, तांड्यावरचा हिरासिंग, त्याचा हा पोरगा. नववीतला. त्याचा गुन्हा एवढाच, की बाप शेठकडं सालानं होता. मसाजीनं ताईला फोन लावला. ती म्हणाली, "प्रक्रियेवर विश्वास ठेवा, काका." मोडक्या पायानं मेंढरं कोण हिंडवणार? मसाजीनं रणजीतलाच राबवलं. आपणबी शेठसारखंच करून राहिलो, हे त्याला कळत होतं, आणि तरी सकाळी तो खेकसायचा, "रणज्या, उशीर काहून केला?"

आज शेवटची बैठक. ज्याच्या हातात चेंडू, त्यानंच बोलायचं. प्रभूनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "या चाळीस दिवसांत मला मेंढपाळांचे कष्ट समजले." टाळ्या पडल्या.

मसाजीनं चेंडू मागून घेतला. "माझी एक मेंढी आंधळी हाय. तिला पाण्यावर कशी नेत होतास रे?"

प्रभूनं बापाकडं पाहिलं. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या रणजीतनं मान खाली घातली.

"काका, इथं आरोप करायचे नाहीत," ताई म्हणाली. "फक्त भावना सांगायच्या."

"मग लिहा. मला राग येऊन राहिला. हा फोटूपुरता आला. राबलं ते पोरगं."

"मसाजी, मेंढरं चरली ना बराबर?" शेठ म्हणाला. "मग तकलीफ काय हाय तुला?"

"मी सही करत न्हाई."

ताई हळूच म्हणाली, "मग चाळीस दिवस पुन्हा सुरू करावे लागतील."

रणजीत चहा द्यायला आला, तो मसाजीच्या कानाशी वाकला. "मामा, करा सही. शेठ परत मलाच धाडंल. माझी परीक्षा हाय."

'माझे पूर्ण समाधान झाले आहे' असं छापलं होतं. त्याच्याखाली मसाजीनं सही केली.

ताईनं खूण केली तसा प्रभू पाया पडायला वाकला. मसाजीनं प्लास्टरचा पाय मागं ओढला. "माझ्या नको. त्याच्या पड," म्हणून त्यानं रणजीतकडं बोट केलं.

सगळे हसले. शेठ सगळ्यात मोठ्यानं. हसून झाल्यावर म्हणाला, "रणज्या, कप धुऊन ठेव. मग मळ्यात ये, हळद काढायची हाय."