टाचेचा स्प्रिंग

स्की घरीच जुळवण्यात गेबहार्डला मिळणार होतं ते एवढंच: दुकानाचे अठ्ठावीस युरो वाचणार आणि दुकानदार कॅसियानचं तोंड बंद होणार. त्यातली दुसरी कमाई मोठी. गेल्या हिवाळ्यात कॅसियान सगळ्यांदेखत त्याच्या स्कीवरच्या, बूट अडकवायच्या पकडींकडे बघून म्हणाला होता, "ही बाइंडिंगं तुझ्या लग्नातली. असल्यांना आम्ही हात लावत नाही." लग्न माझ्याच थोरल्या बहिणीशी झालेलं, त्यामुळे बाइंडिंगांचं वय मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून यंदा सोळा वर्षांच्या लेकीसाठी, रोमानासाठी, जुन्या बाजारातून स्की आणल्या, तेव्हा तिच्या बुटांना त्या जुळवायला गेबहार्ड स्वतःच गॅरेजात बसला. आधीचा मालक बेकरीवाल्याचा मुलगा, नव्वद किलोचा. रोमाना पंचावन्नची. बाइंडिंग बुटाला धरून ठेवतं, पण माणूस आपटला की त्यानं बूट सोडायचा असतो. नव्वद किलोसाठी आवळलेलं बाइंडिंग पंचावन्न किलोच्या पोरीला सोडत नाही. मग सुटायचं काम हाडाला करावं लागतं.

रविवारी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत मी त्याच्या शेजारी बसले. रोमाना मैत्रिणींबरोबर तीन खुर्च्या पुढे.

"काय भावोजी, जमलं का?"

"जमलं म्हणजे काय! मागचा भाग सरकवला, बूट टक्क बसला. पुढचा स्प्रिंग सैल करून पाचाच्या आकड्यावर आणला. कॅसियान आणखी काय दिवे लावणार होता?"

"आणि टाचेचा?"

"टाचेचा काय?"

"अहो, टाचेलाही स्प्रिंग असतो ना? तो कितीवर ठेवलात?"

मी आपली चेष्टेत विचारत होते.

"तेवढ्यात तुझ्या बहिणीनं जेवायला हाक मारली," तो हळूच म्हणाला.

मला हसू आलं नाही. पुढे रोमानाचे पाय हवेत लोंबत होते आणि त्यांना त्या लांब स्की अडकवलेल्या. गेबहार्डनं हाका मारल्या, वाऱ्यानं त्या मागेच उडवल्या. मी हातमोजा दातांनी ओढून फोन लावला. वाजत राहिला. लिफ्ट एकदा थांबली, तेव्हा तो देवाचं नाव घेऊ लागला. माणूस नाताळलासुद्धा चर्चमध्ये मागच्या दाराशी उभा राहणारा.

आम्ही वर पोचलो तेव्हा पोरी काळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड उताराकडे वळल्या होत्या. आठवडाभर बर्फ पडलं नव्हतं, उतार काचेसारखा झालेला.

"रोमाना! थांब गं!"

ती गेली. तो सरळ तिच्यामागे, वळण न घेता. मी कडेला उभी राहिले.

मधल्या वळणावर रोमाना घसरली. पाठीवर आपटली, एक पाय वळला, आणि मी डोळे मिटले. उघडले तर तिच्या दोन्ही स्की सुटून बाजूला पडलेल्या, आणि ती बसून केसांतलं बर्फ झाडत होती.

पण गेबहार्ड तिच्याकडेच बघत होता, पुढच्या उंचवट्याकडे नाही. तो पडला, लोळला, आणि त्याची डावी स्की त्याच्याबरोबर लोळली. सुटली नाही. आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

मी पोचले तेव्हा रोमाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती.

"बाबा, मी कालच कॅसियानकाकांकडे नेल्या होत्या. त्यांनी टाचेचा स्प्रिंग सैल केला."

"मग बोलली का नाहीस, गाढवे?"

"तुम्ही इतके खूश होतात..."

तो दात आवळून म्हणाला, "किती घेतले त्यानं?"

"अठ्ठावीस. मावशीनं वाढदिवसाला दिलेल्यातले."

तर अठ्ठावीस युरो माझे गेले. नडगी गेबहार्डची गेली. कॅसियान दवाखान्यात केक घेऊन आला आणि बाइंडिंगाबद्दल एक शब्द बोलला नाही, हे गेबहार्डला हाडापेक्षा जास्त लागलं. प्लास्टर निघालं, तो चालू लागला. रोमाना मात्र अजून लिफ्टच्या खुर्चीत बसली की सारखी मागे वळून बघते.