इझाबोचा चेहरा

"म्हातारबा, ही बाई वर गेली की बिनकपाळाची होणार," मुकादम तिबो म्हणाला.

ऑबेरने मान वर केली नाही. आमियां शहरातल्या नव्या चर्चसाठी त्याने आयुष्यभर वेली, द्राक्षांचे घोस आणि पावसाचं पाणी ओकणारे राक्षस कोरले होते. उंच खांबाच्या माथ्यावर, कमानीच्या बुडाशी बसवायच्या या दगडावर मात्र त्याने बायकोचा चेहरा कोरला होता. इझाबो गेल्या हिवाळ्यात तापाने गेली. त्याला आता लांबचं दिसत नव्हतं. तिचा चेहरा त्याने बोटांच्या आठवणीवरच घडवला होता.

"हुबेहूब आहे," तो म्हणाला.

"इथं आहे. आपल्या आज्यांच्या बुटक्या चर्चात चाललं असतं. या टोकदार कमानी किती उंच गेल्यात बघ. खालून नुसती हनुवटी दिसेल. कपाळ लांबव, डोळे खाली कलव. तुला मी शिकवायचं?"

शिकवायला नकोच होतं. कितीतरी संतांची कपाळं ऑबेरनेच लांबवली होती. हिच्या वेळी हात धजावला नव्हता.

"अशीच चढवलीस," तिबो जाता जाता म्हणाला, "तर तिला फक्त कबुतरं ओळखतील."

ऑबेरने छिन्नी उचलली. हनुवटी मागे घेतली, डोक्यावरचा रुमाल तासून कपाळ वाढवलं. शेवटी डोळे मिटून चेहऱ्यावरून बोटं फिरवली. बाई परकी लागली.

दुसऱ्या दिवशी रहाट कुरकुरला आणि दगड वर गेला. ऑबेरला काही वेळ पांढरा ठिपका दिसला, मग तोही दिसेना.

दुपारी मेहुणी पेरेट रंगाऱ्यांच्या गल्लीतून त्याचं जेवण घेऊन आली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. पाव-चीज त्याच्यापुढे ठेवून तिने सहज वर पाहिलं.

"अगं बाई! भावोजी, ही तर आमची ताई!"

"ओळखू येते?"

"न यायला काय झालं? पण चिडलीय. भुवयांमध्ये आठी आहे."

आठी त्याने कोरली नव्हती.

"तुम्ही हात न धुता जेवायला बसलात," पेरेट म्हणाली, "की अश्शीच बघायची."

ऑबेरने तोंडाजवळ नेलेला तुकडा खाली ठेवला. तो उठला आणि पाण्याच्या पिंपाकडे गेला.