मी येते

पदवीला पदार्थविज्ञान होतं. नोकरी लागेपर्यंत म्हणून एक शिकवणी धरली. चष्मेवाल्यांची पाच वर्षांची मुलगी, गोटी. ती 'मी आलो, मी जेवलो' असं बोलायची. वर्गातली पोरं 'आला गं बाई, आला' म्हणून चिडवायची, तेव्हापासून तिने शाळेत तोंडच मिटलं होतं. शुक्रवारी बाईंसमोर चार वाक्यं नीट बोलली नाही, तर तिला पुन्हा लहान वर्गात बसवणार होते.

पहिल्या दिवशी मी मोजलं. तासाभरात सत्तावीस वेळा 'मी', आणि सत्तावीसही वेळा क्रियापद पुल्लिंगी. कारण मला उघड वाटलं. आई वर्षापूर्वी गेलेली, घरात बोलणारं माणूस एकच, वडील. त्यात आता मी, आणखी एक पुरुष. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

मग दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राच्या घरघरीत, मीच सुरू केलं, "मी खाते. मी हसते. मी पळते."

गोटी पोट धरून हसली. "सर, तुम्ही बाई झालात!"

"मग मुलगी काय म्हणते?"

"मी खाते. मी हसते. मी पळते." एका दमात.

"मास्तर, तुम्ही तर जादूगार निघालात!" वडील दुकानातून ओरडले. मीही जरा फुगलो.

"आता म्हण, मी येते."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मी येतो."

"येते."

"येतो."

यंत्र थांबलं. वडील दारात आले. "गोटे, सर सांगतात तसं म्हण गं."

"आई म्हणाली होती तसं. दवाखान्यात जाताना. मी येते हं, म्हणाली." तिने माझ्याकडे पाहिलं. "जात होती, तर जाते म्हणायचं ना?"

"निघताना जाते म्हणू नये, बाळा," वडील म्हणाले.

"का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर मी होतो.

"बाबा येतो म्हणतात," गोटी म्हणाली, "आणि येतात."

नमुना दोनच माणसांचा होता, पण निरीक्षणात चूक नव्हती. मी वही मिटली.

शुक्रवारी वडील आणि मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभे होतो. गोटी बोलली. मी लिहिते. मी जेवते. मी झोपते. वडिलांनी माझा दंड घट्ट धरला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आणि सोमवारी शाळेत येशील ना?"

"मी येतो."

बाईंनी पेन उचललं. "पुन्हा बोल बरं, राणी. नीट."

गोटीने काचेतून माझ्याकडे पाहिलं. 'येतो' म्हणताना ओठ गोल होतात, 'येते' म्हणताना पसरतात. तेवढं मला बाहेरून सहज दाखवता आलं असतं.

"सांगा ना, मास्तर," वडील कानाशी पुटपुटले. "सांगा ना तिला."

माझे ओठ हलेनात.