मृतांच्या रकान्यात झम्फिरा

"ही चौथी," व्हेतुरिया पुटपुटली आणि तिने चिठ्ठी फळीवर उलटी ठेवली.

चर्चच्या दारातल्या मेणबत्त्या विकायच्या खिडकीत ती एकोणीस वर्षं बसत होती. दर रविवारी लोक तिच्याकडे चिठ्ठ्या देत. डावीकडे जिवंतांची नावं, उजवीकडे काळ्या क्रुसाखाली मेलेल्यांची. फादर ती मोठ्याने वाचत. जिवंतांना आरोग्य मिळे, मेलेल्यांना शांती. मेणबत्त्याही जिवंतांसाठी वेगळ्या आणि मेलेल्यांसाठी वेगळ्या जागी लावत. शेजाऱ्याचं नाव मुद्दाम उजवीकडे लिहिलं तर तो वर्षभरात आटोपतो, अशीही गावाची श्रद्धा होती. अशी नावं व्हेतुरिया गुपचूप डावीकडे नेई. गावाची लोकसंख्या टिकून होती, त्यात तिचाही वाटा होता.

आज मात्र चारही चिठ्ठ्यांत उजवीकडे एकच नाव होतं: झम्फिरा. या नावाची गावात एकच बाई. दवाखान्यातली नर्स, व्हेतुरियाची मुलगी.

पंधरवड्यापूर्वी फादर सोफ्रोनी तापाने फणफणलेल्या एका पोरीला पवित्र तेल लावत होते. झम्फिराने तिला मध्येच उचलून रुग्णवाहिकेत घातलं. पोरगी वाचली. ते फादरना जास्तच लागलं. गेल्या रविवारी प्रवचनात ते म्हणाले, "देवाला आडवी येणारी बाई जिवंतपणीच मेलेली असते." नाव घेतलं नाही. फादर सभ्य होते.

दहा वाजेपर्यंत तशा नऊ चिठ्ठ्या झाल्या. नववी जुन्या मैत्रिणीची, अग्लायाची.

"नीट आत पोचव हं," अग्लाया म्हणाली. "सोबत अर्पणाचा ताजा पाव पण आणलाय."

व्हेतुरियाने मुलीला फोन लावून सगळं सांगितलं.

"आई, कागदाने माणूस मरत नाही गं."

"तुझा विश्वास नाही, तुला काय जातंय! माझा आहे ना!"

पेन्सिल हातात घेतल्यावर तिला आधी सुचलं ते अग्लायाचं नाव. उजवीकडे एक अक्षर उमटलंही. हात पोळल्यासारखं तिने ते खोडलं आणि नऊ कोऱ्या चिठ्ठ्या ओढल्या.

"झम्फिराच्या आरोग्यासाठी," फादरनी वाचलं. पुढची चिठ्ठी. "झम्फिराच्या आरोग्यासाठी." पाचव्या वेळी त्यांनी चष्मा पुसला. लोक 'प्रभो, दया कर' म्हणत राहिले. न म्हणावं, तर आपण काय लिहिलं होतं ते उघडं पडलं असतं.

प्रार्थना संपताच फादर खिडकीशी आले. "लोकांनी लिहिलेलं तू बदललंस?"

"एकोणीस वर्षं बदलतेय, फादर. तुमचं नावसुद्धा तीनदा डावीकडे आणलंय."

फादरनी घाईने छातीवर क्रुसाची खूण केली. मग खिडकीची किल्ली मागितली.

पुढच्या रविवारी खिडकीत अग्लाया बसली होती. तिच्यासमोरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर उभ्या व्हेतुरियाला वाचता येत नव्हता.

"एक मेणबत्ती दे," व्हेतुरिया म्हणाली.

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

अग्लायाचा हात थांबला. "जिवंतांत ना गं?"

व्हेतुरियाने आधी सुटी नाणी एकेक करून फळीवर मोजली. मागे रांग खोळंबली होती.

"जिवंतांत," ती म्हणाली, आणि मेणबत्तीसाठी हात पुढे केला.