लोलक, हातोडी आणि बालवाडीचा पाया

साल १९९१. विस्तुला नदीच्या मुखाशी असलेल्या त्या सखल गावात जमीन म्हणजे नुसता चिखल. घर बांधायचं तर आधी काँक्रीटचे खांब खोल उतरवावे लागत. नव्या बालवाडीचे खांब ओतून झाले होते, आणि त्या सकाळी अख्खं गाव तिथे लोटलं होतं, कारण हिएरोनिमकाका आपला लोलक घेऊन आले होते.

काका एरवी विहिरीची जागा दाखवत. आज ते दोऱ्याला टांगलेला पितळी लोलक एकेका खांबाच्या डोक्यावर धरून पुटपुटत होते, "बोल बाळा, कुठं दुखतंय?" कुंपणाजवळच्या खांबावर लोलक गरागरा फिरला.

"हा आजारी," काका म्हणाले. "पण घाबरू नका. गळ्यात तांब्याचं कडं घालू. तांबं वाईट लहरी पिऊन टाकतं. तीन पौर्णिमांत बरा होईल."

गर्दीत शहरातून आलेली इंजिनिअर बोगुमिला होती. खांबाच्या माथ्यावर हातोडीने टिचकी मारायची. आवाज तळापर्यंत जाऊन परत येतो आणि यंत्राच्या पडद्यावर उमटतो. लवकर परतला तर मध्येच काहीतरी बिघडलेलं. ही तिची विद्या. काल तिच्या यंत्रानेही नेमका हाच खांब दाखवला होता. काकांचं आणि आपलं जुळलेलं पाहून या पदवीधर बाईच्या अंगावर काटा आला. तिने काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलंसुद्धा, "माझ्या गुडघ्यावरून जरा फिरवता का?" काकांनी फिरवला. तिला बरंही वाटलं.

सरपंच खूश. नवा खांब घालण्यापेक्षा कडं स्वस्त. "कडं बसवा आणि पाया झाका. शरद ऋतूत पोरं दुपारची आत झोपली पाहिजेत."

"कुठल्या खांबावर झोपायची?" बालवाडीच्या तेओफिलाबाईंनी विचारलं. "इंजिनिअरबाई, तुमच्या यंत्राला तांबं पटतं का हो?"

बोगुमिला हातातली हातोडी न्याहाळू लागली.

"आमची पोरं गरम-थंड खेळतात," तेओफिलाबाई म्हणाल्या. "शोधणारा वस्तूजवळ आला की बाकीची 'गरम, गरम' म्हणतात. तुम्ही सगळे काकांकडे बघत होता, मी मजुरांकडे. काका त्या खांबापाशी पोचले आणि त्या सगळ्यांच्या सिगारेटी तोंडातच थांबल्या. का रे वालेन्ती?"

मुकादम वालेन्तीने टोपी काढली. "हा खांब ओतताना मिक्सर बंद पडला होता, बाई. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतलं."

"आणि इंजिनिअरबाई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"मी आल्या आल्या मजुरांना विचारलं होतं," बोगुमिला पुटपुटली, "शंकेचा खांब कुठला म्हणून."

"म्हणजे तुमचंही गरम-थंडच."

मग बाईंनी सगळ्या मजुरांना सूप प्यायला पिटाळलं आणि काकांच्या डोळ्यांवर एका पोराचा मफलर बांधून त्यांना हाताला धरून फिरवलं. आजारी खांबावर लोलक ढिम्म. पालथ्या घातलेल्या धुण्याच्या टबावर मात्र आनंदाने गिरक्या घेऊ लागला.

"आज वारा आडवा येतोय," काका म्हणाले.

"टबाला काय झालंय म्हणे?" मागून कोणीतरी विचारलं.

पुढची पाळी बोगुमिलाची. खांबांकडे पाठ करून ती पडद्यासमोर बसली, आणि तेओफिलाबाई मनाला येईल त्या क्रमाने टिचक्या मारत गेल्या. बोगुमिलाने दोन खांब वाईट ठरवले. पाणी उपसत दोन्ही खणले. कुंपणाजवळच्या खांबात हात जाईल एवढी खाच होती, चिकणमातीने भरलेली. दुसरा मात्र ठणठणीत. माथ्यावरचा सुटा पापुद्रा तेवढा आवाज बिघडवत होता.

"म्हणजे तुमचं यंत्रही फसलं," सरपंच म्हणाले.

"मीच फसले. माथा साफ न करता तपासायला बसले. पण कुठे फसले ते आपल्याला खणून कळलं. लोलक कुठे फसला, ते काका सांगतील का?"

काका लोलक पुसत राहिले.

आजारी खांबाच्या दोन्ही बाजूंना नवे खांब आले, आणि ती बालवाडी आजही सरळ उभी आहे. काका पुन्हा विहिरी दाखवू लागले. त्या गावात कुठेही खणलं तरी पाणी लागतं, त्यामुळे त्यांचा लौकिक शेवटपर्यंत टिकला. वालेन्ती पुढे मिक्सर अडला की स्वतःच ओरडून सांगायचा. तेओफिलाबाई त्याच बालवाडीतून निवृत्त झाल्या आणि चार वर्षांपूर्वी गेल्या. बोगुमिला आता म्हातारी झाली, पण निवृत्त होईपर्यंत तिने तपासणीआधी कोणाला काही विचारलं नाही.

उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाला तपासायला बसवू नका, मग त्याच्या हातात लोलक असो की यंत्र. आणि तो माणूस आपणच असलो, तर स्वतःवर जरा जास्तच नजर ठेवा.