शिंपल्यांची साक्ष

"तोंड उघडं दिसलं की ठोकायचं. मिटलं तर जिवंत. नाही मिटलं तर फेकायचं, हळहळायचं नाही," असं सासूबाईंनी पहिल्याच ओहोटीला सांगितलं होतं. त्यानंतर तीस वर्षं तिने खडकावरून शिंपल्यांसकट कालवं काढली. एकही मेलेलं टोपलीत गेलं नाही. ती विकायला बाजारात बसायचा तो धाकटा दीर.

गेल्या महिन्यात त्याने चार दिवसांची शिळी कालवं ताज्यांत मिसळली. खाणावळवालीचं अख्खं घर ओकून ओकून आडवं झालं. बाजार गोळा झाला, तेव्हा हा बेधडक म्हणाला, "वहिनीचे डोळे गेलेत हो. मेलेलं-जितं कळत नाही तिला." तेव्हापासून तिची टोपली कुणी घेईना. दीर दुसरीकडून माल आणून त्याच जागी बसत होता.

रोज हात जोडताना तिने त्याचं वाईट मागितलं नाही. रविवारी बाजाराला भरपूर गर्दी होऊ दे, एवढंच मागितलं.

शनिवारी तो घरी आला. तिने पाणी दिलं.

"वहिनी, रागावलात होय?"

"नाही भावजी. उद्या येते बाजारात."

"या की! बसायला पाट मांडतो. दिसेल ना पण?" हसत हसत तो गेला.

नवऱ्याने विचारलं, "बाजारात काय काम?"

"आठवड्याची शिळी कालवं रविवारी टोपलीच्या तळाला घालतात भावजी. सगळ्यांसमोर एकेक ठोकणार आहे. खाणावळवालीला शब्द दिलाय."

"म्हणजे शिंपल्यांना साक्षीला उभं करणार?"

"हो."

"अगं, भाऊ आहे तो माझा. घरातलं घरात मिटव."

"अहो, माझं नाव घरात नाही गेलं. बाजारात गेलं." आवाज नेहमीसारखाच हळू होता. "त्यांचं तोंड उतरलेलं मला बघायचंय. जवळून."



रविवारी पाणी कधी नव्हे इतकं मागे हटलं होतं. सगळे खडक उघडे पडले होते आणि बायकांच्या हातोड्या वाजत होत्या. तिने आपली हातोडी पुसून पिशवीत टाकली आणि दार ओढून घेतलं.

"अगं, टोपली विसरलीस!" खडकावरून कुणी तरी ओरडलं.

तिने नुसता हात हलवला आणि बाजाराची वाट धरली.