न उपटलेला दात

मी एक जुनी पक्कड आहे, दात उपटायची. सर्बियातल्या एका डोंगराळ गावच्या दवाखान्यात, काचेच्या कपाटात पडून असते. मित्रांनो, नाक मुरडू नका. पोलाद तापवून, ठोकून, घासून मला घडवलं, तेव्हा माझी चोच लखलखत होती. डॉक्टर देसांकाबाईंच्या हाती आले आणि माझा दरारा काय वाढला! मला पाहून भले भले मिशाळ गडी आईला हाका मारत. दुखतो तो दात, तो उपटला की संपलं, एवढीच माझी अक्कल.

एके दिवशी वेलिझार आला. टेकडीवरच्या चर्चची घंटा तो वाजवायचा. गालाला लोकरी मफलर, तोंडाला राकियाचा भपकारा. दुखऱ्या दातावर आमच्याकडे हीच दारू धरतात. मागोमाग बायको, कोसारा.

"उपटा बाई हा दात! रविवारी आमच्या घरच्या संताचा सण. पाहुणे भाजलेलं डुक्कर हाणणार आणि मी काय पेज पिऊ?"

"दुखतं कधी?" बाईंनी विचारलं.

"टेकडी चढताना. वारा लागतो ना! भिंतीच्या आडोशाला जरा थांबलो की जातं. वाराच तो!"

वाऱ्याच्या झोताला आमचं अख्खं गाव भितं, त्यामुळे यात कुणाला नवल वाटलं नाही. दात काळवंडलेला होताच. बाईंनी आरशाच्या दांड्याने त्यावर टकटक केलं. दुखलं नाही. गार बोळा लावला. तरी काही नाही. मी मात्र ट्रेमध्ये शिवशिवत होते.

"वारा कसला?" कोसारा फणकारली. "काल तळघरात पिंप उचलताना हाच जबडा धरून बसलास. तिथे खिडकी तरी आहे का? बसलास आणि थांबलं!"

माझ्याकडे आलेला बाईंचा हात थबकला.

"वेलिझार, हा दात नाही. हे हृदयाचं दुखणं वाटतंय. हलू नकोस." त्यांनी लगेच रुग्णवाहिका बोलावली.

"हृदय? माझी छाती ठणठणीत आहे! दात काढता येत नाही म्हणून काहीही सांगता?"

तो ताडकन उठला आणि जबडा धरून खुर्चीत कोसळला. अंगाला दरदरून घाम. कोसाराने त्याला दोन्ही हातांनी सावरून धरलं.

मी तर हादरूनच गेले. हृदय छातीत आणि कळ जबड्यात? इतकी तोंडं पाहिली मी, पण असलं कधी ऐकलं नव्हतं. मी तो दात काढला असता, तर वेलिझार हसत घरी गेला असता, आणि पुन्हा टेकडी चढला असता. या विचाराने आजही माझ्या पोलादाला कापरं भरतं.

इस्पितळात त्याच्या हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली. त्या रविवारी घंटा वाजली नाही, पण माणूस वाचला. हिवाळा सरल्यावर तो सावकाश चालत आला आणि कपाटासमोर आ वासून म्हणाला, "ए पक्कडबाई, बघ, आहे अजून!"

कोसारा म्हणाली, "तिला कसलं दाखवतोस? मला दाखव. मी बोलले म्हणून राहिलाय!"

मित्रांनो, आता माझ्या जागी नव्या पकडी आल्या. त्याचं मला दुःख नाही. फक्त एवढं ऐका. डॉक्टरांना कुठे दुखतं एवढंच सांगू नका. कधी दुखतं, कशाने थांबतं, तेही सांगा. आणि घरचं माणूस मध्ये बोललं तर त्याला गप्प करू नका.

मी उपटलेले दात मला आठवत नाहीत. हा एक आठवतो.